संकेतस्थळाच्या लोकार्पणापूर्वी : तपासणीचे पंधरा दिवस

(संस्थेच्या वार्षिक सभेत संकेतस्थळ समितीच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



आपल्या रुग्णालयाचे नवे संकेतस्थळ गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर सर्वांसाठी खुले होणार, असे गेल्या वर्षीच्या सभेत जाहीर झाले होते. निमंत्रणपत्रिकाही छापून आल्या होत्या. त्या दिवशी ते खुले झाले नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी झाले. ‘संकेतस्थळ तयार असताना हा उशीर कशासाठी?’ असे अनेक हितचिंतकांनी विचारले, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. दिवस पुढे ढकलण्याची विनंती विश्वस्तांना मीच केली होती. म्हणून त्या पंधरा दिवसांचा हिशोब आपणांसमोर ठेवणे हे माझे कर्तव्य समजतो.

संकेतस्थळ म्हणजे संस्थेची शोभा, असा एक समज आहे. एखाद्या दुकानाच्या बाबतीत तो काही अंशी खराही असेल. वस्तूची किंमत चुकीची छापली गेली, तर ग्राहक परत जातो आणि दुकानदाराचे नुकसान होते. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र चुकीची किंमत रुग्ण मोजतो. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १४ तालुक्यांचा आणि सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. एका टोकाला सह्याद्रीच्या कुशीतील अकोले, तर दुसऱ्या टोकाला जामखेड. अकोल्याहून पहाटेची एसटी पकडून येणारा माणूस शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करतो, दिवसाची मजुरी बुडवतो आणि बहुधा बरोबरच्या माणसाचीही बुडवतो. संकेतस्थळावर वाचलेल्या एका ओळीच्या भरवशावर तो घराबाहेर पडला असेल, तर ती ओळ म्हणजे आपण त्याला दिलेला शब्द असतो.

हा शब्द खरा आहे की नाही, हे पाहण्याचे काम संकेतस्थळ बनवणाऱ्या तंत्रज्ञाचे नव्हे. त्याने आपले काम चोख केले होते. पाने उघडत होती, चित्रे दिसत होती, रंगसंगती मनोहर होती. परंतु हृदयरोगतज्ज्ञ दर शनिवारी येतात की केवळ पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, हे त्याला कोठून ठाऊक असणार? त्याला आपण जुने माहितीपत्रक दिले होते, त्यात ‘दर शनिवारी’ असे छापलेले होते आणि ते जसेच्या तसे संकेतस्थळावर गेले. माहितीपत्रक छापल्यानंतर डॉक्टरांचे वेळापत्रक बदलले होते. चूक त्याची नव्हती, आपली होती. या एका ओळीनेच मला दिवस पुढे ढकलण्याची विनंती करण्यास भाग पाडले.

अशी घाई मोठमोठ्यांनाही भोवलेली आहे. अमेरिकेच्या सरकारने आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू केले. प्रचंड खर्च झालेला, निष्णात कंपन्या कामाला लावलेल्या. तरीही पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. निरनिराळे भाग निरनिराळ्या कंत्राटदारांनी बनवले होते. परंतु पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतची सलग चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांतच झाली, असे कंत्राटदारांनी पुढे तेथील संसदेच्या समितीसमोर सांगितले. आपल्याकडेही २८ एप्रिल २०२१ चा दिवस अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी १८ वर्षांवरील सर्वांसाठी ‘कोविन’वर लसनोंदणी खुली झाली. पहिल्या काही वेळात ओटीपी येईना, पान उघडेना. पुढे व्यवस्था सुरळीत झाली आणि त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांची नोंदणीही झाली. मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते संकेतस्थळ उपलब्ध झाले, ते जून महिन्यात. तोपर्यंत इंग्रजी न येणाऱ्या कित्येकांना शेजारच्या शिकलेल्या मुलाचा आधार घ्यावा लागला.

तपासणीची पद्धत कोणती असावी, याचा विचार करताना उत्तर आपल्याच शस्त्रक्रियागृहात सापडले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षिततेची १९ मुद्द्यांची एक सूची प्रसिद्ध केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा तीच आहे ना, कशाची ॲलर्जी आहे का, असे साधे प्रश्न मोठ्याने विचारावयाचे आणि मोठ्यानेच उत्तरे द्यावयाची. या उपक्रमाचे नेतृत्व करणारे शल्यविशारद डॉ. अतुल गवांदे यांचे वडील मूळचे विदर्भातील. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत, त्यात दिल्लीचेही एक होते, ही सूची वापरून पाहिली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. सूचीतील एकही प्रश्न अवघड नाही. ज्याची खात्री आहे असे वाटते, तेच पुन्हा विचारणे, एवढाच तिचा गाभा. आम्हीही तेच ठरवले: प्रत्येक पान मोठ्याने वाचायचे आणि ‘हे आज खरे आहे का?’ असे त्या त्या विभागाच्या प्रमुखाला विचारायचे.

सुरुवात दूरध्वनी क्रमांकांपासून केली. संकेतस्थळावरील प्रत्येक क्रमांक आम्ही प्रत्यक्ष फिरवला, तोही रात्री अकरानंतर. कारण तातडीचा क्रमांक दुपारी लागतो की नाही, याला फारसे महत्त्व नाही. दोन क्रमांक बंद निघाले. त्यांतील एक ‘अपघात विभाग’ या शीर्षकाखाली होता. तो लावणाऱ्या माणसाला ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असे उत्तर मिळाले असते आणि तेवढ्या वेळात काय घडले असते, याची कल्पना येथील प्रत्येकाला आहे. आता त्या पानावर सर्वांत वर शासनाच्या रुग्णवाहिका सेवेचा १०८ हा क्रमांक आहे आणि त्याखाली आपला. रुग्णाला वेळेवर उपचार मिळणे महत्त्वाचे. तो आपल्याकडेच यावा, हे नव्हे.

त्यानंतर भाषा. आपले जुने अहवाल ज्या मराठी अक्षरसंचात छापले जात, तो युनिकोड नव्हता. तो मजकूर थेट संकेतस्थळावर चढवला गेल्यामुळे संगणकावर सुवाच्य दिसणारी काही पाने मोबाइलवर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटत होती. कार्यालयातील संगणकात तो अक्षरसंच असल्याने कोणाच्या लक्षातच आले नव्हते. ती सारी पाने नव्याने टंकलिखित करावी लागली. पंधरापैकी चार दिवस त्यातच गेले.

पुढची तपासणी मला सर्वाधिक शिकवून गेली. बाह्यरुग्ण विभागासमोरच्या ओसरीवर बसलेल्या काही नातेवाइकांना आम्ही विनंती केली की, आपल्याच मोबाइलवर हे संकेतस्थळ उघडा आणि तुम्हांला हवे ते शोधून दाखवा. आम्ही मागे उभे राहिलो आणि काहीही सुचवायचे नाही, असा नियम स्वतःला घातला. पाथर्डीकडील एका शेतकऱ्याला हाडांच्या डॉक्टरांची वेळ पाहायची होती. समोर ‘अस्थिरोग विभाग’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही तो त्यावरून दोनदा पुढे गेला. एका आजीबाईंच्या नातवाने विचारले, ‘केसपेपर कुठं काढायचा ते यात कुठं आहे?’ ते कोठेच नव्हते. संस्थेचा इतिहास होता, विश्वस्तांची छायाचित्रे होती, यंत्रसामग्रीची यादी होती. परंतु आत आल्यावर पहिल्यांदा कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे, हे आम्ही लिहिलेच नव्हते. आम्हांला ते इतके परिचित होते की, ते सांगावे लागते याचेच विस्मरण झाले. आज मुखपृष्ठावर ‘केसपेपर’ हा शब्द ठळक अक्षरांत आहे आणि ‘अस्थिरोग’ या शब्दाशेजारी ‘हाडांचे डॉक्टर’ असेही लिहिलेले आहे. शुद्ध मराठीची हानी झाली, असे मला वाटत नाही. शिवाय मुखपृष्ठावरील मोठे छायाचित्र खेड्यातील मंद नेटवर उघडण्यास इतका वेळ घेई की, बघणारा कंटाळून जाई. ते काढून टाकले.

नावांचाही प्रश्न होता. आपल्या शहराचे अधिकृत नाव ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर झाले. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील चौंडीचा, हे आपण जाणताच. पत्ता नव्या नावाने लिहिणे योग्यच. परंतु शोधणारा माणूस ‘अहमदनगर’ असेही टंकित करतो आणि बहुतेक जण नुसते ‘नगर’ म्हणतात. या तिन्ही नावांनी आपले पान सापडावे, अशी व्यवस्था केली. योजनांच्या नावांचेही तसेच. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली सुरू झाली आणि २०१७ साली तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. तरी आजही नातेवाईक खिडकीवर येऊन ‘जीवनदायी’तच बसवा म्हणतात. म्हणून नव्या नावाखाली जुने नावही दिले आहे.

देणगीदार मंडळींना ज्याची स्वाभाविक उत्सुकता असते, त्या देणगीच्या पानाकडे आता वळतो. हे पान तपासण्याची एकच खरी रीत आहे: स्वतः देणगी द्यायची आणि त्या पैशामागून चालत जायचे. आमच्यापैकी प्रत्येकाने दहा-दहा रुपये भरले. पैसे खात्यातून गेले का, बँकेत जमा झाले का, रोकडवहीत नोंद झाली का, पावती कोणाच्या नावाने निघाली, नावाचे स्पेलिंग आणि पॅन बरोबर आहे का, असे एकेक टप्पे ताडून पाहिले. मग मुद्दाम मध्येच नेट बंद करून भरणा अर्धवट सोडला. पैसे कापले गेले आणि पावती निघाली नाही, तर देणगीदाराने कोणाशी बोलायचे? त्या वेळी पानावर उत्तर नव्हते. आता लेखा विभागाचा क्रमांक आहे. देणगी फलकावरील क्यूआर संकेतही प्रत्येक ठिकाणी स्वतः स्कॅन करून खाते संस्थेच्याच नावाचे आहे, याची खात्री केली.

करसवलतीचा मजकूर सनदी लेखापालांकडून तपासून घेतल्याखेरीज प्रसिद्ध करायचा नाही, असे ठरले. ‘८०-जी’ हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेला. परंतु २०२५ साली नवा आयकर अधिनियम संमत झाला, त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरली आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. रोख स्वरूपातील २,००० रुपयांहून अधिक देणगीस वजावट मिळत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. ते आता ठळकपणे लिहिले आहे. परदेशातून येणाऱ्या देणगीचा विषय याहून नाजूक. २०२० च्या दुरुस्तीनुसार विदेशी अंशदान केवळ भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील विहित खात्यातच स्वीकारता येते आणि त्यासाठी संस्थेची नोंदणी असावी लागते. संकेतस्थळावरील भरणा व्यवस्था मात्र कोणत्याही देशाचे कार्ड विनातक्रार स्वीकारीत होती. एखाद्या परदेशी नागरिकाने केवळ सद्भावनेने दिलेली रक्कम संस्थेला कायद्याच्या कचाट्यात सापडवू शकली असती. परदेशी कार्डांचा तो मार्ग आम्ही तूर्त बंद केला आहे.

याच पानाशेजारी दुसरे एक पान आहे, जे पूर्वी नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत जमा करावयाची असते. आपण हे वर्षानुवर्षे पाळत आलो. पण संकेतस्थळाच्या पहिल्या मसुद्यात ते शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत होते. हे बुद्ध्या केले, असे मी म्हणत नाही. परंतु देणगी मागणारे बटण मुखपृष्ठावर आणि मोफत खाटेची माहिती तळाशी, ही मांडणी आपल्या संस्थापकांना रुचली नसती. आता दोन्ही शेजारी शेजारी आहेत. लागणारी कागदपत्रे, समाजसेवा अधीक्षकांची खोली कोठे आहे आणि उत्पन्नाची मर्यादा किती, हे सारे तेथे आहे. ही मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून त्या आकड्याखाली तो कोणत्या दिवशी तपासला, ती तारीखही आहे.

एक निर्णय मात्र जड गेला. बऱ्या झालेल्या रुग्णांची छायाचित्रे आपल्या अहवालात अनेक वर्षे छापली जात आहेत आणि तीही संकेतस्थळावर घेतली होती. त्यांत भाजल्यावर उपचार घेऊन घरी निघालेल्या एका लहान मुलीचे हसरे छायाचित्र होते. पालकांची लेखी संमती होती. पण ती या अहवालापुरती. अहवाल काही शे घरांत जातो. संकेतस्थळ साऱ्या जगात जाते आणि तेथून काढून टाकलेलेही कोठेतरी उरते. ती मुलगी आज महाविद्यालयात शिकते आहे. तिला आता काय वाटेल, हे आपण विचारले होते का? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण कायदा नसता तरी उत्तर वेगळे आले नसते. अशी सर्व छायाचित्रे काढली. नव्याने संमती मिळेल तीच परत येतील.

अखेरचा मुद्दा मालकीचा. संकेतस्थळाचे नाव ज्याने बनवून दिले त्याच्याच नावावर नोंदलेले असते आणि वार्षिक नूतनीकरणाचा निरोपही त्याच्याच ई-मेलवर येतो, असे अनेक संस्थांत घडते. तो संपर्कात नसेल आणि मुदत टळली, तर ते नाव उद्या दुसरा कोणीही घेऊ शकतो. आणि त्या नावाखाली देणगीचे बनावट पान उभे राहिले, तर दोष कोणाला द्यायचा? आता नाव संस्थेच्या नावावर आहे, परवलीचे शब्द दोन अधिकाऱ्यांपाशी मोहोरबंद आहेत आणि नूतनीकरणाची तारीख लेखा विभागाच्या फलकावर आहे.

मित्रहो, महाराष्ट्रात या विषयाचा एक जुना धडा उपलब्ध आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. पुढे आढळून आले की शेतकरी त्यांचा वापर प्रामुख्याने उसाच्या नोंदी आणि खतांच्या माहितीसाठीच करीत. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास सात गावांत प्रयोगादाखल तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने देण्यात आली. लोकांना काय हवे, ते लोकांनाच विचारावे लागते. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तोही गावकऱ्यांच्या गरजा आधी ऐकून घेऊन. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांच्या कार्यापुढे आमचे हे काम अगदीच किरकोळ आहे. पण ओसरीवर बसलेल्या माणसाला आधी विचारावे, ही रीत आम्ही तेथूनच उचलली, असे कृतज्ञतेने नमूद करतो.

तपासणी पंधरा दिवसांत संपली, असेही मी म्हणणार नाही. आज खरे असलेले वेळापत्रक पुढच्या महिन्यात खोटे ठरू शकते. म्हणून प्रत्येक पानाला एक जबाबदार व्यक्ती नेमली आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिने आपले पान वाचून तारीख घालायची आहे. तारीख जुनी दिसली, तर कृपया आम्हांला टोका. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांच्यासाठी चौकशीची खिडकी आणि दूरध्वनी पूर्वीप्रमाणेच चालू राहील. संकेतस्थळ आले म्हणून माणूस हटवला जाणार नाही, असे विश्वस्तांनी आश्वासन दिले आहे.

मुहूर्त चुकला, याबद्दल आपली क्षमा मागतो. मात्र त्या पंधरा दिवसांत अकोल्याहून पहाटे निघालेला एखादा माणूस चुकीच्या शनिवारी येथे येऊन परतला नाही, एवढे समाधान आमच्यापाशी आहे. आपण सर्वांनी आज घरी गेल्यावर हे संकेतस्थळ उघडावे आणि दोष आढळल्यास निःसंकोच कळवावे, ही नम्र विनंती.